पाच स्टार दिले होते, दोन पावसाळ्यांनी दोन काढून घेतले

नव्या फ्लॅटची चावी मिळाली तो दिवस अक्षय्य तृतीयेचा, 10 मे 2024. साइट ऑफिसमध्ये झेंडूच्या माळा, काजू कतलीचा बॉक्स, चावीच्या आकाराचं एक मोठं पुठ्ठ्याचं कटआउट हातात धरून फोटो आणि फोटो झाल्या झाल्या तिथली मुलगी मोबाइल पुढे करून म्हणाली मॅडम एक फाइव्ह स्टार रिव्ह्यू टाकून द्या ना प्लीज. डोळ्यात पाणी होतं, हातात काजू कतली होती, दिले पाच स्टार. "ड्रीम होम" वगैरे पण लिहिलं. आता ते वाचून मलाच लाज वाटते, कारण तेव्हा मी त्या घरात एक रात्रसुद्धा झोपले नव्हते.

म्हणून हा दुसरा रिव्ह्यू, दोन पावसाळे काढल्यावरचा. बिल्डरचं नाव लिहीत नाही, काम अजून अर्धवट आहे आणि त्याच्याशी रोज बोलायचंय. पिंपरी चिंचवडच्या मोशी-चिखली भागातली साइट आहे, नवरा चाकणला कंपनीत शिफ्टला जातो म्हणून हा एरिया, मी एका खाजगी फर्ममध्ये अकाउंट्सला आहे. त्यामुळे आकडे जास्त येतील, सवयच आहे ती.

सुरुवात सॅम्पल फ्लॅटपासून. सॅम्पल फ्लॅट मस्तच होता, मस्तच असतो, त्याचं कामच ते आहे. बेडरूम मोठी वाटली, बेडच्या दोन्ही बाजूंनी फिरता येत होतं, कपाट उघडत होतं. आम्ही राहायला आल्यावर आमचा बेड लावला तर कपाटाचं दार बेडला आपटायला लागलं. असं कसं झालं म्हणून शेजारच्या टॉवरसाठी अजून उभा असलेला तोच सॅम्पल फ्लॅट टेप घेऊन बघून आले, तर तिथला पलंग लांबीला पावणेसहा फुटांचा निघाला! माझा नवरा त्यावर झोपला तर पाय बाहेर येतील. शिवाय तिथे एकाही खोलीला दार नव्हतं, म्हणजे दार उघडायला जी जागा लागते ती कुठे गेली हे कळतच नाही. याला फसवणूक म्हणता येणार नाही कारण अ‍ॅग्रीमेंटमध्ये कार्पेट म्हणजे भिंतींच्या आतली जागा 60.4 चौरस मीटर लिहिलंय आणि मोजलं तर तेवढंच भरतंय. पण जाताना टेप न्या आणि खोलीऐवजी फर्निचर मोजा.

आणि जागा बघायला रविवारी सकाळी 11 वाजताच का बोलावतात यावर विचार करा. आम्ही नंतर एकदा संध्याकाळी 7 ला कंपन्या सुटायच्या वेळेला गेलो, एकदा रात्री 10 ला, आणि नवऱ्याच्या एका मित्राने सांगितलं म्हणून वारा सुटलेला असताना एकदा. कचरा डेपो किती लांब आहे ते नकाशावर मोजून कळत नाही, नाकानेच मोजायचं. आमची बाजू बरी निघाली, म्हणून इथेच घेतलं.

बुकिंग 2022 च्या दसऱ्याला. पितृपक्षात "आत्ता घ्या, भाव कमी आहे" म्हणून रोज फोन आणि सासूबाई म्हणत होत्या पंधरवड्यात पैसे द्यायचे नाहीत म्हणजे नाहीत. दसऱ्याला गेलो तर भाव तोच होता, त्यामुळे सासूबाईंचं खरं झालं. 51 हजारांचा चेक दिला. दोन दिवसांनी सेल्सवाला म्हणतो आता 20 टक्के भरा मग अ‍ॅग्रीमेंटची तारीख घेऊ. मी म्हटलं रेरात, म्हणजे बिल्डरांसाठीच्या कायद्यात, 10 टक्क्यांच्या वर अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर केल्याशिवाय घेता येत नाही ना? तो हसला आणि म्हणाला मॅडमनी अभ्यास केलाय. अभ्यास कसला डोंबलाचा, 2017 पासून महारेरा म्हणजे त्या कायद्याचं राज्यातलं ऑफिस आहे, त्यांच्या वेबसाइटवर प्रोजेक्ट नंबर टाकला की मंजूर नकाशा, किती फ्लॅट विकले, कुठली केस आहे का, ताबा द्यायची तारीख काय, सगळं दिसतं. आमच्या प्रोजेक्टची तारीख 31 डिसेंबर 2023 होती. ती तारीख मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली आणि पुढे सारखी उपयोगी पडली.

आता कॉस्ट शीट. होर्डिंगवर जो आकडा असतो तो आणि शेवटी जो जातो तो यांची भेट कधी होत नाही. आमची अ‍ॅग्रीमेंट व्हॅल्यू 52 लाख. त्यावर जीएसटी 5 टक्के म्हणजे 2 लाख 60 हजार, 45 लाखांच्या आत असतं तर 1 टक्का लागला असता. रजिस्ट्रेशन 30 हजार. स्टॅम्प ड्यूटी आमच्याकडे 7 टक्के, पण घर फक्त बाईच्या नावावर असेल तर 1 टक्का सूट, नवऱ्याचं नाव जोडीला टाकलं की सूट गेली. मी सरळ म्हटलं माझ्या एकटीच्या नावावर करू, 52 हजार वाचतायत, नवरा लोनला को-अ‍ॅप्लिकंट राहील. सासूबाई दोन दिवस गप्प. तिसऱ्या दिवशी पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, "म्हणजे आमच्या पोराचं नाव कुठंच नाही होय?" नवरा म्हणाला, "आई, लोनवर आहे की, हप्ता भरायला." त्यावर त्याच हसल्या. आणि आता गंमत अशी की गावाकडे सगळ्यांना त्याच सांगतात, सुनेच्या नावावर घर घेतलं आम्ही.

52 हजार वाचले आणि 52 हजारांचाच अजून एक विषय आहे, टीडीएस. 50 लाख किंवा त्यावर किंमत असली की घर घेणाऱ्याने बिल्डरला देताना 1 टक्का टीडीएस म्हणजे त्याचा आयकर कापून सरकारकडे भरायचा, आमच्या वेळी त्याला फॉर्म 26क्यूबी होता, प्रत्येक हप्त्याला वेगळा. हे सेल्स ऑफिसात कुणीही सांगितलं नाही. मला माहीत होतं म्हणून वाचले. आमच्याच मजल्यावरच्या एकांना वर्षाने नोटीस आली, दिवसाला 200 रुपये लेट फी, बिचारे माझ्याकडे कागदांची पिशवी घेऊन आले होते.

तर बेरीज केली तर 58 लाख 2 हजार. बँक 30 ते 75 लाखांच्या लोनला किमतीच्या 80 टक्क्यांपर्यंत देते आणि स्टॅम्प ड्यूटी-रजिस्ट्रेशन त्या किमतीत धरत नाही. आम्हाला 41 लाख मिळाले, म्हणजे आमच्या खिशातून 17 लाख. त्यातले माझे दागिने किती, नवऱ्याचा पीएफ किती आणि मोठ्या दिरांनी किती दिले ते इथे लिहीत नाही. पझेशनच्या वेळी अजून दोन वर्षांचा मेंटेनन्स आगाऊ, 73 हजार जीएसटीसकट. तो कॉस्ट शीटच्या शेवटच्या ओळीत बारीक अक्षरात होता, मी वाचला होता, तरी देताना जीवावर आलंच.

लोनचा अनुभव मिक्स. बिल्डरच्या ऑफिसातच एक लोनवाला बसलेला असतो, तीन दिवसात करून देतो म्हणतो. त्याच्याकडची हाउसिंग फायनान्स कंपनी होती, त्यांचा रेट त्यांच्या स्वतःच्या बेंचमार्कला, म्हणजे त्यांनीच ठरवलेल्या दराला, जोडलेला. बँकेचं फ्लोटिंग होम लोन 2019 च्या ऑक्टोबरपासून बाहेरच्या बेंचमार्कला, बहुतेक ठिकाणी रेपोला म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या दराला, जोडलेलं असतं, म्हणून मी बँकच धरून बसले. तीन दिवसांच्या जागी सव्वा महिना लागला, लीगलवाल्याने तीस वर्षांचा टायटल सर्च मागितला, मग सातबाऱ्यावरच्या एका फेरफाराची नक्कल मागितली, मग तीच परत मागितली. पण झालं. एकच गोष्ट बोचली ती म्हणजे सँक्शनच्या दिवशी समोरचा माणूस म्हणाला लोनसोबत इन्शुरन्स कंपल्सरी आहे, एक लाख दहा हजार सिंगल प्रीमियम, लोनमध्येच अ‍ॅड होईल तुम्हाला कळणारपण नाही. मी म्हटलं कंपल्सरी आहे असं लेखी द्या, लगेच घेते. तो उठून आत गेला, पाच मिनिटांनी बाहेर आला आणि म्हणाला मॅडम तुमच्या केसमध्ये ऑप्शनल आहे. टर्म प्लॅन आमचा दोघांचा आधीच होता. नसता तर घ्यायलाच हवा होता ते वेगळं, पण बाहेरून आणि डोकं शांत असताना.

रजिस्ट्रेशनला सर्व्हर डाउन, चार तास बाकड्यावर. नंबर लागला तेव्हा इतकी दमले होते की फोटोत माझे डोळे मिटलेले आलेत. अंगठा, सही, दोन साक्षीदार, खेळ खलास. आयुष्यातल्या सगळ्यात महाग कागदावर मी झोपलेय.

त्यानंतरचं दीड वर्ष सगळ्यात वाईट. आम्ही घेतलं तेव्हा सातवा स्लॅब पडला होता, पुढचे पटापट पडले. स्लॅब पडला की डिमांड लेटर येतं, स्लॅब पूर्ण होईपर्यंत 70 टक्के घेता येतात. ते देऊन झाले 2023 च्या सुरुवातीला आणि मग साइट थंड. दहा पंधरा मजूर दिसायचे. आमचं चालू झालं प्री-ईएमआय, म्हणजे तोवर उचललेल्या लोनचं नुसतं व्याज, 19 हजार, वर जुन्या घराचं भाडं 13 हजार, आणि त्यात रेपो वाढत वाढत फेब्रुवारी 2023 ला 6.50 झाला, लोन 9 टक्क्यांवर. घरात हॉटेल बंद, गाडी बदलायची होती ती बंद, मी सहा महिने डब्यात तेच तेच नेत होते. कुणी विचारलं घर कधी, की पोटात गोळा यायचा. घर घेतलं म्हणून पेढे वाटून झालेले आणि राहतोय त्याच वन बीएचकेत.

जानेवारी 2024 ला, म्हणजे तारीख उलटल्यावर, फोन आला, फिटआउट पझेशन घ्या, फर्निचर करून घ्या, ओसी (भोगवटा दाखला) येईलच. बरेच जण गेले. पाणी टँकरचं, लाइट बांधकामाच्या मीटरची, लिफ्ट एक. आम्ही नाही गेलो. शेवटचे 5 टक्के ओसी आल्यावरच द्यायचे असतात, ते 2 लाख 60 हजार हीच आमच्या हातातली दोरी होती, ती सोडली तर मग कोण विचारतंय. भाडं भरत बसलो अजून चार महिने, ओसीची कॉपी व्हॉट्सअ‍ॅपवर आली, महारेराच्या साइटवर जाऊन तीच आहे का ते बघितलं, मग होकार दिला.

आता मामांचं. मामा बार्शीचे, उभं आयुष्य बांधकामावर मुकादम म्हणून गेलं. ताबा घ्यायच्या आदल्या दिवशी मी त्यांना बोलावून घेतलं. हल्ली फ्लॅट तपासून देणाऱ्या एजन्सी आहेत, मशीन घेऊन येतात, चांगलं काम करतात म्हणे. मामांकडे एक दहाचं नाणं, एक खडू आणि एक बादली. हॉलमध्ये उकिडवे बसून ते एकेका टाइलवर नाणं वाजवत पुढे सरकले, टक टक टक, मधेच आवाज बदलला की थांबायचे. "आगं हितं घुमतंय बघ. खाली माल भरलाच न्हाई." खडूने फुली. हॉलमध्ये अकरा फुल्या झाल्या. मग बाथरूममध्ये बादली उपडी केली आणि हाताची घडी घालून उभे राहिले, पाणी जाळीकडे जायच्या ऐवजी शांतपणे दाराकडे निघालं, आमच्या चपलांपर्यंत आलं. साइट इंजिनिअर, पंचविशीतला पोरगा, म्हणाला सर थोडा उतार सेट व्हायला वेळ लागतो. मामा म्हणाले, "बाळा, उतार म्हंजे काय दही हाय का, रात्रभर ठेवलं की लागतंय?"

प्रत्येक सॉकेटला मोबाइलचा चार्जर लावून बघितला, तीन मेलेले. खिडक्या सरकवल्या, एक अडकली. एकूण 27 मुद्दे निघाले. दुसऱ्या दिवशी पझेशन लेटरवर सही करायची तर त्यात छापलेलं होतं की फ्लॅट तपासून समाधानाने ताबा घेतला, कसलीही तक्रार नाही आणि उशिराबद्दल काहीही मागणी करणार नाही. झेंडूच्या माळांमध्ये बसून हे वाचत कोण बसतं? मी बसले. शेवटची ओळ खोडली आणि हाताने लिहिलं, सोबतच्या यादीतली 27 कामं बाकी आहेत या अटीवर ताबा. मुलीचा चेहरा पडला, आत जाऊन विचारून आली, घेतलं त्यांनी. त्या 27 मधली 22 कामं जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत झाली, टाइल्स पण बदलल्या, रंग किंचित वेगळा आहे पण तो फक्त मला दिसतो. मामा नसते तर आम्ही काजू कतली खाऊन घरी आलो असतो. (आलोच, पण फोटोकॉपी घेऊन.)

आणि मग पाऊस.

जुलै 2024 चा तिसरा आठवडा, बेडरूमची पश्चिमेकडची भिंत, खिडकीच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात पोळीएवढा डाग. हात लावला तर गार. चार दिवसात पोपडे धरले. ऑफिसात कळवलं तर दुसऱ्याच दिवशी दोन माणसं आली, इतक्या लवकर आली म्हणून मी खूश, त्यांनी आतून खरवडलं, काहीतरी केमिकल मारलं, पुट्टी मारली, रंग मारला, बाहेर धो धो पाऊस चालू आणि हे आतून रंग देतायत. मी फोटो मामांना पाठवला. मामांचा फोन, "अगं पाणी भायेरनं येतंय, आतनं लिपून काय हुतंय? त्या डागाच्या कडंनं पेन्सिलीनं रेघ मार आन तारीख टाक." मारली. 24 जुलै. आठ दिवसांनी डाग रेघेच्या बाहेर, परत रेघ, परत तारीख. ऑगस्ट संपेपर्यंत भिंतीवर पाच रेघा, तव्यावर घावन पसरावं तसं.

दिवाळीत सुकलं. सगळे विसरले, मीसुद्धा. 2025 ला पाऊस मे महिन्यातच आला, 26 तारखेला पुण्यात मान्सून, आणि 29 ला तोच कोपरा, तोच डाग. यावेळी मी फोन केलाच नाही. ईमेल केला, पेन्सिलच्या रेघांचे फोटो तारखांसकट जोडले, आणि लिहिलं की रेरा कायद्याच्या कलम 14 प्रमाणे ताबा दिल्यापासून पाच वर्षं बांधकामातला दोष बिल्डरने स्वतःच्या खर्चाने 30 दिवसांत दुरुस्त करायचा असतो. मग खालीवर चौकशी केली तर त्याच बाजूच्या 19 फ्लॅटमध्ये ओल, आणि प्रत्येकाला स्वतंत्रपणे सांगितलेलं की "फक्त तुमच्याच इथे आहे मॅडम." 19 जणांच्या सह्यांचं पत्र गेलं तेव्हा कुठे ऑक्टोबरमध्ये बाहेरून झुला बांधला. खिडकीच्या खालच्या दगडी पट्टीला बाहेर उतार नव्हता आणि खाली पाणी तुटायला खाच नव्हती, पाणी पट्टीवर साठून भिंतीत जिरत होतं. एवढंच. खाच मारून, भेगा कापून भरून, बाहेरून कोटिंग केलं. दोन पावसाळे गेले त्या एका खाचेपायी. झुल्यावरच्या कारागिराला मी चहा दिला तर म्हणाला, ताई हे तेव्हाच केलं असतं तर एका माणसाचं अर्ध्या दिवसाचं काम होतं.

बाकी चांगलंही आहे, नाही असं नाही. हवा मस्त, सकाळी गॅलरीत ऊन येतं, तुळस वाढलीय. काँक्रीटचं काम चांगलं आहे असं मामापण म्हणाले आणि ते सहसा कुणाला चांगलं म्हणत नाहीत. शेजार भारी मिळाला, त्या 19 जणांच्या ग्रुपमुळे ओळखी झाल्या, आता गणपती एकत्र. नळाला पाणी दिवसाआड, पिंपरी चिंचवडमध्ये 2019 च्या शेवटापासून तसंच आहे, ते घेतानाच माहीत होतं. सोसायटी अजून कागदावर नाही, आगाऊ मेंटेनन्सचा हिशोब मागितलाय, एक्सेल शीट आली ज्यात "इतर खर्च" सगळ्यात मोठा. त्यावर वेगळं लिहावं लागेल. आणि लोनचं म्हणाल तर बँक धरून बसले त्याचं चीज झालं, 2025 मध्ये फेब्रुवारी ते जून रेपो एका टक्क्याने उतरला, हप्ता तोच 36 हजार 900 ठेवला तर मुदत अडीच वर्षांहून जास्त कमी झाली. ज्या दिवशी तो मेसेज आला त्या दिवशी आम्ही बऱ्याच महिन्यांनी बाहेर जेवलो.

उशिराच्या व्याजाचा क्लेम करायचा का यावर घरात अजून एकमत नाही. नवरा म्हणतो सोड, मी म्हणते ती खोडलेली ओळ उगाच खोडली का.

तर स्टार तीन. एक टाइल्स आणि बाथरूम दुरुस्त केले म्हणून, एक काँक्रीटसाठी, एक गॅलरीतल्या उन्हासाठी, जे बिल्डरने दिलेलं नाही तरी देते. मागच्या आठवड्यात त्यांच्याच ऑफिसातून मेसेज आला होता, मॅडम आता काम पूर्ण झालंय तर रिव्ह्यू अपडेट करणार का. पेंटरसुद्धा पाठवतो म्हणाले, भिंत रंगवून घ्या. पेंटरला मी नको म्हटलं. पेन्सिलच्या रेघा तशाच आहेत, जुलैपर्यंत राहू देत.